वॉकीटॉकीचं बटण दाबलं की नुसतं ‘भों’ होतंय? ट्रंकिंगच्या सेटची नेहमीची तक्रार

“सेट खराब आहे, बदलून द्या.” कंट्रोल रूमच्या खिडकीवर ही तक्रार रोज येते. बटण दाबलं की भों असा जाड आवाज येतो आणि बोलणं पलीकडे जातच नाही. किंवा जातं, पण अर्धंच. सेट ठेवून घेतला, दुसरा दिला, की माणूस समाधानानं जातो आणि चार-दोन दिवसांनी तो दुसरा सेट घेऊन तीच तक्रार सांगत परत येतो. ठेवून घेतलेला सेट मात्र टेबलावर ठणठणीत चालत असतो.

पुण्यात हिंजवडीच्या बाजूला एका मोठ्या कॅम्पसची रेडिओ यंत्रणा मी सांभाळतो, आणि गणपतीत कार्यकर्त्यांना सेट कसा वापरायचा ते शिकवतो. ट्रंकिंगच्या सेटबद्दल मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे: आपली अडचण काय आहे हे तो सेट स्वतःच सांगत असतो. त्याचा आवाज आणि स्क्रीनवरची ओळ वाचायला शिकलात, तर बहुतेक तक्रारी उभ्या जागी सुटतात. उरतात त्या खरोखर दुरुस्तीच्या, आणि त्याही मग लवकर सापडतात.

साध्या वॉकीटॉकीत एका चॅनेलची एक फ्रिक्वेन्सी ठरलेली असते. बटण दाबलं की तुम्ही थेट हवेत. पलीकडे कुणी असो वा नसो, सेट तक्रार करत नाही. ट्रंकिंगमध्ये असं नसतं. तिथे थोडेच चॅनेल असतात आणि ते सगळ्या ग्रुपमध्ये, म्हणजे आपापसात बोलणाऱ्या सेटच्या गटांमध्ये, मिळून वापरले जातात. स्टँडवरच्या रिक्षांसारखं: जी मोकळी असेल ती पुढच्या प्रवाशाला, कुणाची ठरलेली नाही. ही वाटणी करायला एक कंट्रोल चॅनेल अखंड चालू असतो आणि गप्प बसलेला प्रत्येक सेट तो सतत ऐकत असतो. तुम्ही बटण दाबलं की सेट आधी त्या चॅनेलवर विनंती पाठवतो: अमुक नंबरच्या सेटला तमुक ग्रुपशी बोलायचंय. यंत्रणा मोकळा चॅनेल शोधते, ‘या चॅनेलवर या’ असं जाहीर करते, आणि त्या ग्रुपचे सगळे सेट तिकडे उडी मारतात. मग तुमचा सेट छोटी टिक-टिक करून सांगतो की आता बोला. हे सगळं सेकंदाच्या आत होतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. पण होतं ते याच क्रमानं, आणि आपल्या बहुतेक तक्रारी या क्रमातच कुठेतरी अडकलेल्या असतात.

सेटचे आवाज मुख्यतः तीन. कंपनीप्रमाणे सूर थोडा बदलतो, तेव्हा आपल्या सेटचे आवाज एकदा मुद्दाम ऐकून ठेवा. छोटी टिक-टिक म्हणजे परवानगी. फोन एंगेज असल्यासारखा तुटक-तुटक आवाज म्हणजे सगळे चॅनेल व्यस्त आहेत, तुमची विनंती रांगेत लागली आहे. अशा वेळी बटण सोडा आणि थांबा. चॅनेल मोकळा झाला की सेट स्वतः वाजतो, तेव्हा लगेच दाबा. आणि बटण दाबून धराल तोवर चालणारा जाड, सपाट भों म्हणजे नकार. नकाराची कारणं बरीच: सेट रेंजच्या बाहेर आहे, यंत्रणेत त्याची नोंद झालेली नाही, निवडलेल्या ग्रुपवर बोलायची त्याला मुभा नाही. आपल्याच ग्रुपवर दुसरं कुणी बोलत असताना मध्येच बटण दाबलं तरी बहुतेक सेट नकारच देतात.

व्यस्तचा आवाज आल्यावर लोक बटण पुन्हा पुन्हा दाबतात. ते कृपा करून करू नका. त्यानं रांग पुढे सरकत नाही, उलट कंट्रोल चॅनेलवर नुसती विनंत्यांची गर्दी होते.

आधी अदलाबदल करून पाहा

सेट खिडकीवर आणण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारा. एकाच जागी होतंय का? एकाच वेळेला होतंय का? एकाच सेटवर होतंय का? की सेट कुठलाही असो, एकाच माणसाच्या हातात होतंय? उत्तर मिळवायला उपकरण लागत नाही. शेजारच्या सहकाऱ्याचा चालता सेट घ्या, त्याच जागी उभे राहा, तोच ग्रुप लावा, बोलून बघा. त्यालाही भों आला तर जागा किंवा यंत्रणा. त्याचा चालला आणि तुमचा नाही, तर तुमचा सेट. मग बॅटरी पॅकची अदलाबदल करा, त्यानंतर अँटेनाची. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन्ही एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळणारच नाही. अँटेना मात्र त्याच मॉडेलची आणि त्याच बँडची, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची हवी. दिसायला सारखी असली तरी दुसऱ्या बँडची अँटेना लावून बोलू नये.

एकाच जागी अडतं तेव्हा

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: “मला सगळं ऐकू येतं, पण माझं कुणाला जात नाही.” यात नवल काही नाही. यंत्रणेच्या टॉवरवरचा ट्रान्समीटर ताकदवान असतो, त्याची अँटेना उंचावर आणि मोठी. तुमच्या हातातला सेट एक ते पाच वॉटचा, त्याची अँटेना वीतभर, आणि तोही कमरेला, शरीराला चिकटून. टॉवरचं तुमच्यापर्यंत पोचतं, तुमचं टॉवरपर्यंत पोचत नाही. सेट विनंती पाठवतो, उत्तर येत नाही, पुन्हा पाठवतो, आणि शेवटी भों करतो.

उपाय पहिला: सेट पट्ट्यातून काढा. कमरेला असताना शरीर सिग्नलचा मोठा वाटा शोषून घेतं, आणि विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर तर भोवतीची माणसंही शोषतात. सेट तोंडासमोर उभा धरा, अँटेना सरळ वर आकाशाकडे. आडवा धरू नका, अँटेनाला बोटं लावू नका. खांद्यावरचा माइक वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की माइक वर आला तरी अँटेना कमरेलाच राहते. अडलं तर सेट हातात घ्या.

उपाय दुसरा: दोन पावलं सरका. 400 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी साधारण 75 सेंटीमीटर. भिंतींवरून परतून आलेल्या लहरी एकमेकींना मारतात आणि हातभर अंतरावर सिग्नल पडतो किंवा उठतो. म्हणून बेसमेंटच्या एका खांबाआड सेट मुका आणि खांबाच्या अलीकडे बोलका, असा अनुभव येतो. तळमजल्याखालच्या पार्किंगमध्ये रॅम्पच्या किंवा लिफ्टच्या डक्टच्या दिशेनं चाला. पेठांतल्या अरुंद गल्लीत असाल तर चौकापर्यंत या. शहराबाहेर डोंगराची आडही अशीच नडते. दिवे घाटाच्या वळणावर किंवा कात्रजच्या उतारावर टॉवर आणि तुमच्यामध्ये अख्खा डोंगर उभा असतो, तिथे सेट कितीही महागडा असला तरी उपयोग नाही. वळण पार करून मोकळ्या बाजूला या, मग बोला.

बोगद्यातून किंवा बेसमेंटमधून वर आल्याबरोबर बटण दाबू नका. सेटला कंट्रोल चॅनेल पुन्हा शोधायला, नोंद करायला काही सेकंद लागतात. स्क्रीनवरचं रेंज नसल्याचं चिन्ह जाईपर्यंत थांबा. बराच वेळ गेलं नाही तर सेट बंद करून चालू करा, म्हणजे तो नव्यानं शोध घेतो. एकाहून जास्त टॉवर असलेल्या यंत्रणेत आणखी एक गोष्ट बघा: काही सेटमध्ये एकाच टॉवरला धरून ठेवण्याची सोय असते. बटणं चाळवताना ती चुकून चालू झाली तर माणूस चाकणला पोचतो आणि सेट मात्र हिंजवडीच्याच टॉवरला लोंबकळत राहतो.

जिथे रेंज कधीच मिळत नाही, अशी जागा रोजच्या गस्तीत असेल तर थेट मोड ठरवून वापरा. या मोडमध्ये सेट टॉवरला मध्ये न घेता दुसऱ्या सेटशी सरळ बोलतो. एक जण खाली, एक जण रॅम्पच्या तोंडाशी, दोघेही थेट मोडवर. वरच्याकडे ट्रंकिंगवरचा आणखी एक सेट, म्हणजे तो निरोप पुढे देतो. पण वर आल्यावर मोड परत बदलायला विसरू नका. थेट मोडवरच्या माणसाचं कंट्रोल रूमला ऐकू येत नाही, त्याचं इमर्जन्सीचं बटणही तिथपर्यंत पोचत नाही, आणि सेट मात्र व्यवस्थित चालू असल्यासारखा दिसत राहतो. तक्रारींच्या ढिगात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

एकाच वेळेला अडतं तेव्हा

शिफ्ट बदलताना, जेवणाच्या सुट्टीत, आणि विसर्जनाला मिरवणूक बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्यावर वळते त्या गर्दीत व्यस्तचा आवाज येणारच. चॅनेल मोजके असतात. इथे सेटला काही करून उपयोग नाही, बोलणं आखडतं घ्यावं लागतं. “हॅलो, ऐकू येतंय का, हां, बोल बोल” यातच चॅनेल अडकून राहतो. काय सांगायचंय ते बटण दाबण्याआधी मनात पक्कं करा. दोघांचंच काम असेल तर पूर्ण ग्रुपवर लांबण लावू नका, पण प्रायव्हेट कॉलही जपून वापरा, कारण दोन माणसांच्या त्या गप्पाही एक चॅनेल खातातच.

एखाद्या वेळी वेगळंच चित्र दिसतं: मंडईतले लोक एकमेकांना नीट ऐकतात, अलका चौकातलेही आपापसात ऐकतात, पण या दोघांचं एकमेकांना नाही आणि कंट्रोलला कुणाचंच नाही. टॉवरचा मुख्य यंत्रणेशी दुवा तुटला की टॉवर आपल्यापुरता काम चालू ठेवतो, त्याचं हे लक्षण. स्क्रीनवर ‘साइट ट्रंकिंग’ किंवा तशा अर्थाची ओळ येते, काही सेट ठरावीक अंतरानं बीप करतात. अशा वेळी सेट बदलत बसू नका. मोबाइल घ्या आणि कंट्रोलला फोन करून सांगा, कारण त्यांना हे तुमच्याकडून समजेपर्यंत वेळ जाऊ शकतो.

बोलणारा

आता सगळ्यात महत्त्वाचं. टिक-टिक होण्याआधी बोलायला सुरुवात केली तर पहिला शब्द जातो. बटण लवकर सोडलं तर शेवटचा जातो. इंग्रजीत बोलणाऱ्यापेक्षा मराठीत बोलणाऱ्याला हा दुसरा धोका फार मोठा, कारण आपला नकार वाक्याच्या टोकाला असतो. “तीन नंबर गेटची गाडी सोडू नका” यातला ‘नका’ कापला गेला की पलीकडे ऐकू येतं, “तीन नंबर गेटची गाडी सोडू”. ऐकणारा विचारतही नाही. गाडी सोडतो.

म्हणून नकारार्थी निरोप द्यायचाच नाही अशी सवय लावा. “सोडू नका” याऐवजी “थांबवून ठेवा”. “आत येऊ देऊ नका” याऐवजी “बाहेरच रोखा”. आणि शेवटी ‘ओव्हर’ म्हणा. हा शब्द केवळ रीत म्हणून नाही, तो वाक्याच्या शेपटाला राखण आहे. बटण लवकर सुटलं तरी कापला जातो तो ‘ओव्हर’, तुमचं क्रियापद शाबूत राहतं. सुरुवातीलाही असंच: आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग स्वतःचं. “कंट्रोल, कंट्रोल, मंडई बोलतोय.” पहिला ‘कंट्रोल’ गेला तरी दुसरा उरतो. ऐकणाऱ्यानं निरोप परत म्हणून दाखवावा: “तीन नंबरची गाडी थांबवून ठेवतो, ओव्हर.” नुसतं ‘कॉपी’ (म्हणजे ‘ऐकलं’) म्हटल्यानं त्यानं काय ऐकलं ते कळत नाही.

आकडे सुटे सांगा. सदुसष्ट आणि सत्याहत्तर, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, हे ढोलाच्या गजरात वेगळे ओळखणं अवघड. “सहा सात”, “पाच नऊ” म्हटलं की प्रश्न मिटतो. गाडीच्या नंबरातली अक्षरंही अशीच एकेक, थांबून.

ढोल-ताशाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सविस्तर सांगतो. डिजिटल सेट तुमचा आवाज जसाच्या तसा पाठवत नाहीत. आतला प्रोसेसर माणसाच्या बोलण्याची लक्षणं टिपतो, ती थोडक्यात पाठवतो, आणि पलीकडचा सेट त्यावरून आवाज नव्यानं घडवतो. पथकाच्या शेजारी उभं राहून तुम्ही ओरडलात तर त्याला बोलणं कुठलं आणि ढोल कुठला हे ठरवता येत नाही आणि पलीकडे घोगरा गोंधळ पोचतो. जितकं जोरात ओरडाल तितकं वाईट. पथकाकडे पाठ करा, माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर धरा, थोडा तिरका, आणि नेहमीच्या आवाजात सावकाश बोला. दुसऱ्या हाताचा पंजा माइकभोवती आडोसा म्हणून चालतो, फक्त भोक झाकू नका. जवळ उभ्या असलेल्या सहकाऱ्याचा सेट मोठ्या आवाजात चालू असेल तर कर्कश शिट्टी येते. त्यानं आवाज कमी करावा किंवा दूर सरकावं.

सेटची खरी दुखणी

बटण दाबताच सेट बंद पडून पुन्हा सुरू होतो, किंवा लाल दिवा लागून लगेच विझतो आणि बारीक बीप येते: बॅटरी. ऐकताना सेटला वीज थोडी लागते, बोलताना कितीतरी जास्त. थकलेला पॅक ऐकण्यापुरता टिकतो आणि बोलायच्या क्षणी त्याचा व्होल्टेज कोसळतो. कंपनी सांगते ते पॅकचे तास बहुधा 5-5-90 या हिशेबानं असतात: शंभरातला पाच भाग बोलणं, पाच भाग ऐकणं, उरलेला वेळ शांतता. विसर्जनाच्या दिवशी शांतता कुठली? अलीकडच्या काही वर्षांत मिरवणूक 24 तासांच्या पुढे गेली आहे. तेव्हा प्रत्येक सेटमागे जादा पॅक आणि चार्जिंगची ठरलेली जागा हवीच. पॅकवर मार्करनं नंबर आणि वापरायला घेतल्याची तारीख लिहा, म्हणजे कुठला पॅक दगा देतोय ते चटकन कळतं. फुगलेला पॅक चार्जरला लावू नका, लगेच बाजूला काढा.

मग पॅक काढून त्याच्या पाठीवरचे धातूचे ठिपके उजेडात बघा. पावसाळ्यानंतर त्यांच्यावर घाम, धूळ आणि दमटपणाचा काळपट थर हमखास दिसतो, कधी कडेला हिरवट कड. खोडरबर हलकेच फिरवा किंवा कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. सेटवरच्या स्प्रिंगच्या पिनाही पुसा. ब्लेडनं किंवा सँडपेपरनं मात्र खरवडू नका, वरचा मुलामा एकदा गेला की गंज कायमचा. ज्या सेटला ‘कधी चालतो, कधी नाही’ म्हणून बाद ठरवतात, त्यातले कितीतरी एवढ्या पुसण्यानं ठीक होतात.

अँटेना बुडाशी वाकवून बघा. रबराला चीर असेल तर आतली तार तुटत आलेली असते. सेट अँटेनाला धरून उचलणाऱ्यांच्या हातून हे होतं. बाहेरचा माइक जोडायच्या बाजूच्या सॉकेटचं झाकण हरवलेलं असेल तर पावसाचं पाणी आत जातं आणि माइक आपोआप दाबल्यासारखा वागतो. तसा सेट अख्खा ग्रुप अडवून धरतो. बहुतेक यंत्रणांत बोलण्याला सुमारे एका मिनिटाची मर्यादा लावलेली असते, ती संपली की सेट वाजून गप्प होतो, पण बटण सुटून परत दाबल्यासारखं झालं की पुन्हा सुरू होतो. कंट्रोलला स्क्रीनवर त्या सेटचा नंबर दिसतो, त्यामुळे कुणाचा सेट आहे ते ओळखून लगेच बाहेरचा माइक काढायला सांगता येतं.

ग्रुप निवडायचा वरचा नॉबही बघा. रेनकोट घालताना किंवा बाइकवर बसताना तो एक खाच फिरतो आणि माणूस दिवसभर भलत्याच ग्रुपवर बोलत राहतो. शिफ्ट घेताना नॉब, मोड आणि बॅटरी या तीन गोष्टी बघायला क्षणभरच लागतो. हरवून सापडलेला सेट काहीच करत नसेल तर तो यंत्रणेतून बंद केलेला असू शकतो. तो कंट्रोललाच परत चालू करता येतो.

दर वर्षी कुणीतरी ऑनलाइन घेतलेला सेट आणून “हा पण जोडून द्या” म्हणतं. तो जोडता येत नाही. ट्रंकिंगमध्ये प्रत्येक सेटचा नंबर यंत्रणेत नोंदलेला असावा लागतो, आणि सेट त्याच पद्धतीचा, त्याच बँडचा असावा लागतो. भारतात परवान्याशिवाय वापरायला मोकळे आहेत ते 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे सेट. मांडवापुरतं बोलायला ते पुरतात. बाकी बहुतेक फ्रिक्वेन्सींना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन) शाखेचा परवाना लागतो, तो नसताना असा सेट हातात घेऊ नका.

एवढं करूनही अडलं तर सेट जरूर आणा, पण सोबत चिठ्ठी आणा. जागा नेमकी लिहा: ‘बेसमेंट’ एवढंच पुरेसं नाही, ‘दुसरं बेसमेंट, पंपाच्या खोलीसमोर’ असं. वेळ, ग्रुप, स्क्रीनवर जे होतं ते जसंच्या तसं, आवाज तुटक की सपाट, पॅकचा नंबर, आणि शेजारच्याचा सेट तिथे चालला की नाही. वेगवेगळ्या माणसांच्या चिठ्ठ्यांवर एकच जागा यायला लागली की तिथे रेंजचं भोक आहे हे मला लेखी दाखवता येतं आणि इमारतीच्या आत अँटेना किंवा केबल टाकून घेण्याची मागणी करता येते.